तोंडाचा कॅन्सर लवकर कसा पकडायचा : घरचा आरसा, मोबाईलचा टॉर्च आणि पाच मिनिटं

माझे मामा वाशीच्या एपीएमसी मार्केटात माथाडी. वीस-बावीस वर्षं पाठीवर गोणी आणि गालात तंबाखू. गाडी खाली करायच्या आधी बार, जेवण झालं की बार, दोन गाड्यांच्या मधे जरा टेकायला मिळालं की परत बार. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे ऐरोलीला जेवायला आले आणि रश्श्याची वाटी बाजूला सारून नुसती भाकरी दुधात कुस्करून खाल्ली. मामींनी विचारलं काय झालं, तर म्हणाले, "काय नाय गं, जरा चरचरतंय, दुखत नाय." दुखत नाय म्हटल्यावर आम्ही सगळे निवांत झालो. तिथंच चुकलो.

तोंडाचा कॅन्सर सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही. दुखायला लागतो तेव्हा तो बऱ्यापैकी आत गेलेला असतो. म्हणून हा लेख, ज्यांनी आयुष्यात कधी स्वतःचं तोंड नीट उघडून बघितलं नाही त्यांच्यासाठी आणि ज्यांच्या घरात मामांसारखं कुणी आहे त्यांच्यासाठी. मी डॉक्टर नाही, पण मामांच्या आजारपणात ओपीडीच्या बाकड्यावर इतके दिवस बसले की काय विचारायचं, काय बघायचं, कुठे जायचं हे पाठ झालंय.

आधी हे किती मोठं आहे ते सांगते. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात एका वर्षात ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचे साधारण १ लाख ४३ हजार नवे पेशंट निघाले आणि जवळपास ८० हजार माणसं त्याने गेली. आपल्या महाराष्ट्रात विडी-सिगारेट ओढणारे तसे कमी, खरा प्रॉब्लेम चघळण्याचा आहे. २०१६-१७ च्या सरकारी सर्वेक्षणात राज्यातले २४ टक्क्यांहून जास्त मोठे लोक धूर नसलेली तंबाखू खाणारे निघाले, म्हणजे दर चौघांत जवळजवळ एक. गुटख्यावर २०१२ पासून राज्यात बंदी आहे, तरी पानमसाल्याची एक पुडी आणि तंबाखूची दुसरी पुडी घेऊन हातावर एकत्र केली की तेच झालं, आणि हे ठाणे स्टेशनबाहेर, वागळे इस्टेटच्या गेटवर, रबाळे-महापेच्या कंपन्यांसमोर रोज चाललेलं दिसतं.

कुणी बघायचं

तंबाखू, मावा, गुटखा, जर्दा, मशेरी, विडी, सिगारेट यातलं काहीही चालू असेल किंवा पूर्वी होतं तर तुम्ही. दारू सोबत असेल तर जास्तच, कारण दोन्ही मिळून धोका नुसता बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढतो. मशेरी मी मुद्दाम लिहिली. आमची आजी साताऱ्याकडची, तिला तंबाखू खाता का विचारलं तर ती ठामपणे नाही म्हणायची, आणि रोज सकाळी चुलीजवळ बसून अर्धा तास मशेरी घासायची. तिच्या लेखी ते दात घासणं होतं. त्यामुळे घरातल्या बायकांना विचारताना "तंबाखू खाता का" असं विचारूच नका, "दाताला काय लावता" असं विचारा.

आणि सुपारी. साधी सुपारी, गोड सुपारी, तंबाखू न घातलेला पानमसाला. लोकांना वाटतं यात तंबाखू नाही म्हणजे चालतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ साली छापलेल्या अहवालात नुसत्या सुपारीलाच कॅन्सर करणारी गोष्ट म्हणून पहिल्या गटात टाकलंय, तंबाखूच्याच गटात. कॉलेजची पोरं दिवसाला आठ-दहा पुड्या फोडतात आणि पंचविशीतच तोंड उघडेनासं होतं, हे मी ओपीडीत डोळ्यांनी बघितलंय.

व्यसन अजिबात नसलेल्यांनाही कधीकधी होतो, त्यामुळे एकदा बघून घेण्यात कुणाचंच नुकसान नाही.

तपासायचं कसं

काय लागतं? भिंतीवरचा आरसा, मोबाईलचा टॉर्च, एक स्टीलचा चमचा आणि स्वच्छ रुमाल. बाथरूमच्या पिवळ्या बल्बखाली करू नका, त्यात सगळंच पिवळट दिसतं आणि पांढरा डाग लपतो. सकाळी खिडकीपाशी उभं राहा. कवळी असेल तर काढा, चूळ भरा, हात साबणाने धुवा. चहा-तंबाखू नंतर.

सुरुवात बाहेरून. आरशात चेहरा सरळ बघा, एका बाजूला सूज वाटते का. मग दोन्ही हातांनी जबड्याखाली आणि मानेच्या बाजूने कानापासून खाली गळ्यापर्यंत बोटं फिरवा. दोन्हीकडे सारखं लागतंय का ते बघायचं. एकीकडे टणक, न दुखणारी गाठ लागली तर लक्षात ठेवा.

मग ओठ. खालचा ओठ खाली ओढून आतली बाजू, वरचा वर उचलून आतली बाजू. ओठ आणि हिरडी यांच्यामधल्या खाचेत नीट बघा, पुष्कळ जण चिमूट तिथेच ठेवतात.

आता गाल, आणि इथे घाई करू नका. चमच्याच्या दांड्याने गाल बाहेर ओढा, दुसऱ्या हातात टॉर्च, आणि ओठाच्या कोपऱ्यापासून पार अक्कलदाढेच्या मागेपर्यंत बघा. जमत नसेल तर टॉर्च घरातल्या कुणाला तरी धरायला सांगा. परदेशात हा कॅन्सर जास्त करून जिभेला होतो असं सांगतात, आपल्याकडे तंबाखू गालात धरून ठेवायची सवय, त्यामुळे गाल आणि खालची हिरडी जिथे मिळते त्या खोबणीत तो खूप सापडतो. तुम्ही बार डावीकडे ठेवत असाल तर डावीकडे दुप्पट वेळ द्या. मामांचा डाव्या गालातच होता, शेवटच्या दाढेजवळ, समोरून तोंड उघडल्यावर दिसतच नव्हता. गाल ओढल्याशिवाय तो कुणालाच दिसला नसता.

बघून झालं की बोट फिरवा. गाल आतून बोटाने आणि बाहेरून अंगठ्याने धरून चाचपायचा. मऊ, ओलसर, एकसारखा लागायला पाहिजे. कुठे खरखरीत, कातड्यासारखं जाड, किंवा आत खडा असल्यासारखं लागलं तर ते नोंदवा.

जीभ बाहेर काढा, टोक रुमालाने धरा (बोटाने धरली तर सटकते) आणि हळूच एका बाजूला ओढून कड बघा, मग दुसरी कड. जिभेचा वरचा भाग सगळे बघतात, पण गडबड जास्त करून कडेला आणि खाली असते. मग जीभ टाळूला लावून खालचा भाग आणि जिभेखालची जागा बघा. शेवटी मान मागे टाकून टाळू.

एक शेवटची गोष्ट, तीन बोटांची. तोंड होईल तेवढं उघडायचं आणि आपल्याच हाताची मधली तीन बोटं एकावर एक उभी करून दातांमध्ये घालून बघायची. साधारणपणे जातात. दोनच जात असतील, आणि सोबत तिखट खाल्लं की आग होत असेल, गाल आतून पांढरट आणि ताठ झालाय असं वाटत असेल, तर सुपारीमुळे आतली कातडी आवळायला लागलीय. डॉक्टर त्याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. तो कॅन्सर नाही पण काही जणांत पुढे कॅन्सर होतो, आणि आवळलेलं तोंड पूर्ण पहिल्यासारखं होणं अवघड असतं, म्हणून ज्या दिवशी लक्षात येईल त्याच दिवशी सुपारी बंद.

काय दिसलं तर जायचंच

पांढरा चट्टा जो रुमालाने पुसला तरी जात नाही. लाल, मखमलीसारखा दिसणारा चट्टा, आणि हा पांढऱ्यापेक्षाही जास्त काळजीचा, दिसला की दोन आठवडे सुद्धा थांबू नका. दोन आठवड्यांत न भरलेली जखम किंवा फोड, मग दुखत असो किंवा नसो. विनाकारण हलायला लागलेला दात. दात काढल्यावर ती जागा भरतच नाही. काल-परवापर्यंत बसणारी कवळी अचानक बसेनाशी झाली. ओठ किंवा जीभ बधिर वाटणे. कारण नसताना एकाच कानात कळ. मानेतली गाठ. तोंड कमी उघडणे. तोंडातून रक्त.

दोन आठवड्यांचा हिशोब मला फार महत्त्वाचा वाटतो. साधं तोंड आलं असेल, दात लागून जखम झाली असेल, चुन्याने भाजलं असेल तर एवढ्या दिवसांत बरं होतं. म्हणून पहिल्या दिवशी मोबाईलवर फोटो काढून ठेवा, टूथब्रशचं डोकं बाजूला धरून काढा म्हणजे साईज कळते, आणि चौदा दिवसांनी तसाच दुसरा काढा. फोटोवर तारीख आपोआप येते. नंतर डॉक्टरांना दाखवायला हे फोटो सोन्यासारखे उपयोगी पडतात, कारण "कधीपासून आहे" या प्रश्नाला आपण सगळेच अंदाजे उत्तर देतो.

आणि पहिल्यांदा टॉर्च मारून बघणारे उगाच घाबरतात त्या गोष्टी पण सांगते, मी स्वतः घाबरले होते. जिभेच्या पार मागे मोठमोठे गोल दाणे एका रांगेत दिसतात, ते सगळ्यांना असतात. गालावर दात मिटतात त्या रेषेत पांढरी आडवी रेघ असते, तीही नॉर्मल. वरच्या दाढेसमोर गालात एक छोटा उंचवटा असतो, लाळेची नळी तिथे उघडते. ओठाच्या आत, गालात बारीक पिवळट रव्यासारखे दाणे काही लोकांना असतात. टाळूच्या मधोमध हाडाचा टणक उंचवटा काही जणांना असतो. शंका आली तर दुसऱ्या बाजूला बघा, दोन्हीकडे सारखं असेल तर बहुतेक वेळा तुमच्या तोंडाची ठेवणच तशी आहे. तरीही शंका राहिली तर दाखवून या, फुकट गेलेली फेरी परवडते.

एवढ्याने खरंच काही होतं का

हा प्रश्न मला सोसायटीतल्या एका काकांनी विचारला. उत्तर केरळमधलं आहे. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून ३५ वर्षांवरच्या जवळपास १ लाख ९० हजार लोकांवर मोठा अभ्यास झाला. डॉक्टर नसलेल्या, ट्रेनिंग दिलेल्या कार्यकर्त्यांनी निम्म्या गावांत घरोघरी जाऊन नुसत्या डोळ्यांनी तोंडं तपासली. २००५ साली निकाल छापून आला, त्यात तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. मशीन नाही, ब्लड टेस्ट नाही, फक्त कुणीतरी वेळेवर तोंडात डोकावलं.

याच पद्धतीने सरकारी कार्यक्रमात ३० वर्षांवरच्या प्रत्येकाचं तोंड दर ५ वर्षांनी तपासायचं ठरलंय. आशाताई घरी येऊन फॉर्म भरतात, त्यात तंबाखूचा प्रश्न असतो, तिथे खरं सांगा. पाच वर्षं हे कमीत कमी झालं. तंबाखू-सुपारी चालू असेल तर महिन्यातून एकदा घरी बघा आणि वर्षातून एकदा तरी दातांच्या डॉक्टरांना दाखवा.

जायचं कुठे

पहिली फेरी दातांच्या डॉक्टरकडे. लोक फॅमिली डॉक्टरकडे जातात, तिथे घाईत जेल आणि बी कॉम्प्लेक्स मिळतं. मामांना एका क्लिनिकमधून चार महिन्यांत तीन वेळा तेच मिळालं, एकदाही कुणी गाल ओढून बघितलं नाही. जेल लावण्यात चूक नाही, पण दोन आठवड्यांनी परत तेच जेल देणं चूक आहे. तेव्हा स्पष्ट विचारायचं, "डॉक्टर, याची बायोप्सी (तुकडा काढून तपासणी) करायची का?"

नवी मुंबईत डेंटल कॉलेजं भरपूर आहेत, नेरूळ, खारघर, कामोठे या पट्ट्यात, आणि तिथल्या ओपीडीत केस पेपर अगदी कमी पैशात निघतो. तिथे "ओरल मेडिसिन" किंवा "ओरल सर्जरी" विभाग विचारा, नुसतं दात दाखवायला आलो म्हणालात तर दात साफ करायच्या रांगेत बसवतील. महापालिकेची वाशी, नेरूळ, ऐरोलीची हॉस्पिटलं आहेत, ठाणेकरांना कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे, शिवाय जवळचं नागरी आरोग्य केंद्र. सकाळी लवकर पोचा.

कॅन्सरचा संशय पक्का असेल तर टाटा. परळचं टाटा हॉस्पिटल १९४१ पासून आहे हे सगळ्यांना माहीत, पण टाटाचंच खारघरला सेक्टर २२ मध्ये अॅक्ट्रेक हे कॅन्सरचं केंद्र आहे हे ठाण्या-वाशीच्या पुष्कळ लोकांना ठाऊक नसतं. रेफर करणाऱ्या डॉक्टरांना विचारून घ्या कुठे नाव नोंदवायचं. आधार कार्ड, रेशन कार्ड, आधीचे सगळे कागद आणि ते मोबाईलचे फोटो सोबत. एकट्याने जाऊ नका, डॉक्टर बोलतात त्यातलं अर्धं पेशंटच्या डोक्यात शिरत नाही, सोबतच्याने वहीत लिहून घ्यायचं.

डॉक्टरांपुढे लाजू नका. दिवसाला किती पुड्या, किती वर्षं, कुठल्या गालात, सगळं सांगा. बायकोसमोर सांगायला नको वाटत असेल तर तिला बाहेर थांबायला सांगा, पण आकडा खरा द्या.

बायोप्सीची भीती

इथे सगळ्यात जास्त लोक पळून जातात. "सुई लागली, तुकडा काढला की कॅन्सर खवळतो, पसरतो" हे मामांना मार्केटातल्या निदान दहा जणांनी सांगितलं. असं काही होत नाही. होतं काय की लोक उशिरा जातात, बायोप्सीत मोठा कॅन्सर निघतो आणि दोष सुईला लागतो.

करतात काय? दात काढताना देतात तसं बधिर करायचं इंजेक्शन, मग चट्ट्याच्या कडेचा तांदळाच्या दाण्याएवढा किंवा थोडा मोठा तुकडा, लागला तर एखादा टाका, कापूस दाबून अर्धा तास बसायचं आणि घरी. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, शुगर असेल तर आधी सांगा. त्या दिवशी गार, मऊ खायचं. रिपोर्ट यायला साधारण आठवडा लागतो. तो आठवडा फार वाईट जातो, हे मात्र खरं आहे. मामी त्या आठ दिवसांत दिवा लावून नुसत्या बसून असायच्या.

रिपोर्टमध्ये "डिस्प्लेशिया" लिहिलेलं आलं तर त्याचा अर्थ पेशी बिघडायला लागल्यात पण कॅन्सर अजून नाही. सौम्य, मध्यम, तीव्र असे प्रकार असतात, त्याप्रमाणे चट्टा काढून टाकायचा की लक्ष ठेवायचं ते ठरतं. ही खरंतर संधी आहे, इथे तंबाखू सुटली तर पुढचं पुष्कळ टळतं. रिपोर्ट चांगला आला आणि चट्टा तसाच राहिला तर परत दाखवायचंच, एका चांगल्या रिपोर्टवर पाच वर्षं काढू नका.

कॅन्सर निघालाच तर? लहान असेल, २ सेंटिमीटरच्या आत, खोल गेलेला नसेल, तर बहुतेक वेळा ऑपरेशनवर भागतं. मोठा असेल तर ऑपरेशन, मग रेडिएशन, कधी सोबत केमो. ऑपरेशनमध्ये मानेतल्या गाठी (लिम्फ नोड, सगळ्यांच्याच मानेत असतात त्या) पण काढतो म्हणाले की घरचे विचारतात, मानेत तर काही लागत नाही मग का? आम्हीही विचारलं. तेव्हा टाटामध्ये असलेल्या डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या टीमने यावर अभ्यास केला होता, २०१५ साली छापून आला, सुरुवातीच्या स्टेजच्या पेशंटांवर. मानेच्या गाठी पहिल्याच ऑपरेशनमध्ये काढलेल्यांपैकी ३ वर्षांनी ८० टक्के हयात होते, आणि गाठ दिसल्यावर मग काढू म्हणून थांबलेल्यांपैकी ६७.५ टक्के. आम्हाला डॉक्टरांनी हे कागदावर लिहून दाखवलं तेव्हा मामांनी सही केली.

पैशांसाठी थांबू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, रेडिएशन बसतं, योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसलेला असतो, रेशन कार्ड आणि आधार घेऊन पहिल्याच दिवशी त्याला भेटा. बिल झाल्यावर नाही, आधी.

सोडायचं कसं आणि दुसऱ्याचं तोंड कसं उघडायचं

तंबाखूच्या पुडीवर मागे एक नंबर छापलेला असतो, १८०० ११ २३५६. सरकारी आहे, फुकट आहे, तंबाखू सोडायला मदत करतात. रोज हातात असलेल्या पुडीवरचा हा नंबर कुणी वाचत नाही. तलफ आली की ती काही मिनिटांत ओसरते, तेवढ्यापुरतं तोंडात बडीशेप, लवंग (सुपारी मात्र नको), पाणी प्यायचं, जागेवरून उठायचं. पहिले काही दिवस सगळ्यात जड, चिडचिड होते, झोप लागत नाही, पोट साफ होत नाही. घरच्यांनी त्या दिवसांत तोंड सांभाळून बोलायचं. परत खाल्ली तरी संपलं असं समजू नका, दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात सुटलेले खूप लोक आहेत.

घरातल्या माणसाला "तुम्हाला कॅन्सर होईल" म्हणून काही उपयोग होत नाही, ते त्यांनी शंभरदा ऐकलेलं असतं आणि पुडीवर फोटो पण बघितलेला असतो. मी आता असं करते, आधी माझं तोंड त्यांना दाखवते. "काका, माझ्या गालात काय आहे का बघा बरं टॉर्च मारून." ते बघतात. मग, "आता तुम्ही आ करा." बहुतेक जण करतात.

मामांचा डावा गाल आता आतून शिवलेला आहे, मांडीची कातडी लावलीय, तोंड दोन बोटंच उघडतं, भाकरी अजून कुस्करूनच खातात. मार्केटात जातात, ओझं उचलत नाहीत, टोळीचा हिशोब लिहितात. दर महिन्याच्या पगाराच्या दिवशी टोळीतली पोरं एकामागून एक त्यांच्यासमोर आ करून उभी राहतात, मामा चमच्याच्या दांड्याने गाल ओढतात आणि कोण डावीकडे ठेवतो, कोण उजवीकडे, ते त्यांना तोंडपाठ आहे. गेल्या पावसाळ्यात त्यांनी एकाला, तेवीस वर्षांचा असेल, हाताला धरून नेरूळला डेंटल कॉलेजात नेलं. पांढरा चट्टा होता, डिस्प्लेशिया निघाला, काढून टाकला. पुढची तारीख त्याची पंधरा दिवसांनी आहे आणि मामा सोबत जाणार आहेत.